बीएमएक्स रेसिंग: लेकीला (आणि मला) सुरुवात करायचीये, कुठून करू?

शार्लटकर

नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो, लेक नऊ वर्षांची. इथून जवळच साउथ कॅरोलायनात रॉक हिल आहे, तिथे मे २०२४ मध्ये बीएमएक्सची (छोट्या सायकलींच्या उंचवट्या-वळणांच्या ट्रॅकवरच्या शर्यतींची) वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. तासभर बघून येऊ म्हणून गेलो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो. मग पॅरिस ऑलिम्पिकच्या शर्यती टीव्हीवर पाहिल्या आणि तेव्हापासून पोरीच्या डोक्यात हेच चाललंय. ड्राइव्हवेवर फळी आणि विटा लावून उड्या मारते, परवा गुडघा फोडून घेतला.

आता तिला नीट शिकवायचं ठरवलंय. पण माहिती शून्य. दुकानात १५० डॉलरला बीएमएक्स लिहिलेली सायकल दिसते आणि ऑनलाइन बघावं तर ६०० च्या पुढे. हेल्मेट कुठलं, वयाचं काय, ट्रॅकवर गेल्यावर कुणाला भेटायचं, काहीच कळत नाहीये. बायको म्हणते हातपाय मोडून घेईल. आणि खरं सांगायचं तर मलाही करून बघावंसं वाटतंय, वय ४२. कुणाला अनुभव आहे का?

गोदाकाठ

आहे ना! मी मूळची नाशिकची, आता ओहायोत. दोन्ही मुलं सहा वर्षं रेस करतायत. जरा मोठं लिहिते, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, आत्ता काहीही विकत घेऊ नका. अगदी काहीही नाही. यूएसए बीएमएक्स या इथल्या संघटनेची एक दिवसाची फुकट ट्रायल मेंबरशिप असते, ती घ्या आणि प्रॅक्टिसच्या दिवशी पोरीला घेऊन जा. बऱ्याच ट्रॅकवर उसनी सायकल आणि हेल्मेट मिळतं, आधी फोन करून विचारा. लांब बाह्यांचा टीशर्ट, जीन्स किंवा जाड ट्रॅकपँट, बंद बूट. हातमोजे असतील तर उत्तम. शॉर्ट्स घालून गेलात तर परत पाठवतील.

स्वतःची सायकल नेणार असाल तर स्टँड, चेनगार्ड, रिफ्लेक्टर आणि चाकाला लावायचे पेग असतील तर सगळं काढायचं. मागचा ब्रेक चालू हवा. आणि हँडलची दोन्ही टोकं रबराने झाकलेली हवीत. हे शेवटचं लोक हसण्यावारी नेतात पण उघडी नळी पोटात घुसली तर बिस्किटाच्या साच्यासारखी कापते. आमच्या थोरल्याच्या ग्रिपला भोक पडलं होतं तर तपासणीवाल्या आजोबांनी त्याला सोडलाच नाही, नवीन ग्रिप बसवून आल्यावर सोडला. त्या दिवशी मला राग आला होता, आता मीच सगळ्या मुलांच्या ग्रिप बघत फिरते.

१५० आणि ६०० चा फरक असा की दुकानातली बहुतेक फ्रीस्टाइलची असते, म्हणजे स्टंटची. स्टीलची, जड, ११-१२ किलोची. रेसची ॲल्युमिनियमची असते आणि बरीच हलकी. नऊ वर्षांच्या मुलीचं स्वतःचं वजन किती? तिला सायकलीचा प्रत्येक किलो जाणवतो. आणि साइज बघा. मायक्रो, मिनी, ज्युनियर, एक्स्पर्ट, प्रो अशा फ्रेम असतात. "दोन वर्षं पुरेल" म्हणून मोठी घेऊ नका, शाळेचा युनिफॉर्म नाहीये तो. ट्रॅकवर जुन्या सायकली भरपूर विकायला असतात, मुलं वाढतात आणि आयांना गॅरेज रिकामं करायचं असतं. आमची पहिली २०० डॉलरला मिळाली, ती दोन्ही मुलांनी वापरली आणि आम्ही १५० ला विकली.

चक्रधर_कोथरूड

गोदाकाठताई, युनिफॉर्मचं अगदी पटलं 😀 आमच्या लहानपणी सायकल तासावर मिळायची. दुकानदार वहीत वेळ लिहायचा, आम्ही पाच मिनिटं उशिरा येऊन "काका, चेन पडली होती" म्हणायचो. मोठ्या माणसाच्या सायकलीच्या त्रिकोणातून पाय घालून शिकलो सगळे. ट्रॅक म्हणजे पर्वतीच्या पायथ्याचा उतार आणि ब्रेक म्हणजे चप्पल.

उमाकाकू

सगळे उत्साहात लिहितायत पण मी विरुद्ध बाजूची आहे. आठ पोरं एका रेषेतून सुटतात आणि पहिल्या वळणावर एकमेकांच्या अंगावर जातात हे मी टीव्हीवर पाहिलंय. टोकियोत तो अमेरिकन मुलगा, आधीच्या ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, स्ट्रेचरवरून नेला. नऊ वर्षांच्या मुलीला यात घालायची गरज काय? पोहणं आहे, बॅडमिंटन आहे.

हाडवैद्य

उमाकाकू, तुमची काळजी रास्त आहे. मी ऑर्थोपेडिक सर्जन, लहान मुलं भरपूर बघतो. टोकियोतला तो कॉनर फील्ड्स, मेंदूत रक्तस्राव झाला होता, नंतर बरा झाला. पण ते लोक आठ मीटरच्या टेकडीवरून सुटतात. मुलांची स्टार्टची टेकडी त्याहून बरीच बुटकी आणि सुरुवातीला मुलं जमिनीवरूनच ट्रॅक फिरतात, उडत नाहीत.

या खेळात काय मोडतं? मनगट आणि गळपट्टीचं हाड. मनगट, कारण पडताना माणूस हात पुढे टेकतो. आणि गळपट्टीचं हाड, बहुतेक वेळा खांद्यावर आपटल्याने. लहान मुलांची ही हाडं चांगली जुळतात. मला भीती डोक्याची. त्यामुळे हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारंच, बरोबर मापाचं. घालून गाल दाबले गेले पाहिजेत, मान हलवली की हेल्मेट वेगळं फिरता कामा नये. जुनी सायकल घ्या, जुनं हेल्मेट मात्र घेऊ नका, त्याने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही. जोरात आपटलं की बदलायचं. आणि डोक्याला मार लागून मूल गांगरलं, उलटी झाली, तोच प्रश्न परत परत विचारायला लागलं, तर त्या दिवशीची रेस तिथेच संपली. फायनल असली तरी. डॉक्टरला दाखवायचं. यात मी कुणाचं ऐकत नाही.

झाडावरून पडून, झोपाळ्यावरून पडून आणि हल्ली ट्रॅम्पोलिनवरून पडून येणारी मुलं मी रोज बघतो. त्यांच्या डोक्यावर काहीच नसतं.

उमाकाकू

डॉक्टर, हेल्मेटचं आणि "त्या दिवशीची रेस संपली" हे पटलं. तरी माझी नात असती तर मी नाहीच म्हटलं असतं. पण शार्लटकर, पोरीचा गुडघा कसा आहे?

शार्लटकर

काकू, खपली धरलीये. ती सगळ्यांना दाखवत फिरते. गोदाकाठ, डॉक्टर, खूप आभार, बायकोला दोन्ही पोस्ट वाचायला दिल्यात.

मँचेस्टरची_मावशी

इथे मँचेस्टरमध्ये २०११ पासून इनडोअर बीएमएक्स ट्रॅक आहे, पावसाळी गावात हे किती मोठं वरदान ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. माझा भाचा तिथे जातो.

मला बेथनी श्रीव्हरबद्दल सांगायचंय कारण मुलीचा विषय निघालाय. रिओ ऑलिम्पिकनंतर ब्रिटनमध्ये बायकांच्या बीएमएक्सचा निधी बंद झाला, पुरुषांचा चालू राहिला. ही पोरगी लहान मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ नोकरी करायची, लोकांकडून वर्गणी काढून ५०,००० पाउंड उभे केले आणि टोकियोत गोल्ड जिंकली. फायनल बघताना मी सोफ्यावर उभी होते. ती रेषा ओलांडून तिथेच कोसळली, पायात त्राण नव्हतं.

आणि पुढे हाच खेळ खेळायला पाहिजे असंही नाही. ट्रॅक सायकलिंगची सहा ऑलिम्पिक सुवर्णं मिळवलेला क्रिस हॉय लहानपणी बीएमएक्सच करायचा. सायकलवर तोल, वळण, धक्का घेणं हे सगळं इथे अंगात मुरतं.

रंकाळा

लै भारी धागा! पण आमच्यासारख्यांनी काय करायचं, कोल्हापुरात कुठला आलाय ट्रॅक? कुस्तीचे आखाडे आहेत गल्लीगल्लीत, सायकलीला कोण विचारतंय. माझा पोरगा बारा वर्षांचा, त्याला दाखवला धागा तर जेवायचं विसरला.

आणि एक बाळबोध प्रश्न. बीएमएक्समधला एक्स कशाचा?

आइंडहोव्हनचा_आप्पा

एक्स म्हणजे क्रॉस. बायसिकल मोटोक्रॉस. १९७० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियात पोरं मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल करत श्विनच्या स्टिंग-रे सायकली मातीत पळवायला लागली, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. तिथून हे सगळं. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९८२ ला ओहायोत डेटनला झाली, ऑलिम्पिकमध्ये आलं २००८ ला. आमच्याकडे नेदरलँड्समध्ये याला अजूनही फीट्सक्रॉस म्हणतात आणि क्लब पूर्ण स्वयंसेवकांवर चालतात. पोरगं रेस करतं आणि बाप कँटीनमध्ये बटाटे तळतो. माझी दर पंधरा दिवसांनी पाळी असते, त्यामुळे सगळ्या पोरांची नावं पाठ झालीत.

आता कामाचं सांगतो, कारण वर कुणी लिहिलं नाही. नवीन मुलं उडी शिकायला धावतात. पहिलं शिकायचं ते पंपिंग. ट्रॅकवर लहान लहान उंचवटे एकापाठोपाठ असतात, त्यांना रोलर म्हणतात. त्यावर पायडल न मारता वेग वाढवता येतो. कसा? नागपंचमीचा झोका आठवा. उभं राहून झोका चढवताना आपण खाली येताना वाकवलेले गुडघे सरळ करत दाबतो आणि वर जाताना अंग हलकं करतो. तसंच. उंचवट्यावर चढताना हातपाय दुमडून सायकल वर येऊ द्यायची, उतरताना हातापायांनी ती खाली ढकलायची. झोक्यात जसं क्षणभर चुकलं की झोका मरतो, तसंच इथेही वेग मरतो. आमच्या कोचला मी ही झोक्याची उपमा सांगितली तर तो म्हणाला आता डच मुलांना झोक्यावर उभं राहायला शिकवावं लागेल.

बुड सीटवर टेकवायचं नाही. सीट नावापुरतीच आहे. पूर्ण फेरी उभ्यानं. ३०० ते ४०० मीटरचा ट्रॅक, चांगल्या मुलांना चाळीस सेकंदांच्या आसपास लागतात, तुमच्या मुलीला पहिल्या दिवशी दीड मिनिट लागलं तरी काही बिघडत नाही. उतरल्यावर मांड्या थरथरतात.

मुरूममामा

@रंकाळा, ट्रॅक नाही म्हणून अडून बसू नका. मी पुण्याच्या बाहेर राहतो, आमच्या सोसायटीमागे रिकामा प्लॉट आहे, मालकाची लेखी परवानगी घेतली आणि दोन ट्रॉली मुरूम टाकून पाच रोलर बनवले. हिशोब सोपा आहे, उंचीच्या साधारण दहापट अंतर. म्हणजे एक फूट उंच असेल तर एका माथ्यापासून दुसरा माथा दहा फुटांवर. मी पहिल्यांदा सहा फुटांवर केले होते तर सायकल घोड्यासारखी उधळायची, सगळे मोडून परत केले. मुरूम ओला करून धुमसाने धुमसायचा, एक दिवस वाळू द्यायचा, परत पाणी, परत धुमसणं. नुसती माती टाकली तर पहिल्या पावसात चिखल होतो. मे महिन्यात करा, जूनमध्ये ताडपत्री टाका.

सायकल आमची साधीच, वीस इंची चाकाची, मडगार्ड आणि कॅरिअर काढून टाकलेली. पोरं आता पायडल न मारता पाचही रोलर पार करतात. संध्याकाळी बारा-पंधरा मुलं असतात, हेल्मेट नसेल तर प्रवेश नाही हा एकच नियम.

रंकाळा

मामा, पाय कुठायत तुमचे. रविवारी मळ्यात सुरुवात करतो. धुमस आज्ज्याचा पडूनच आहे गोठ्यात.

गोदाकाठ

आप्पांच्या झोक्याला माझ्याकडून टाळ्या, सहा वर्षांत मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

आता गेटबद्दल सांगते, कारण नवीन मुलं रडतात ती तिथेच. टेकडीवर आठ जणांचं एक लोखंडी गेट असतं, उभं केलेलं. पुढचं चाक त्याला टेकवायचं, दोन्ही पाय पायडलवर घेऊन तोल सांभाळत उभं राहायचं. मग स्पीकरवरून आवाज येतो, "ओके रायडर्स, रँडम स्टार्ट. रायडर्स रेडी, वॉच द गेट." त्यानंतर थोडी शांतता. ती शांतता दर वेळी वेगळी असते, ०.१ पासून २.७ सेकंदांपर्यंत कितीही, म्हणजे अंदाजाने कुणी सुटू नये. मग चार बीप, दिवे लाल, पिवळा, पिवळा, हिरवा, आणि धाडकन गेट पडतं. खोखोत पाठीवर खो बसायची वाट बघतो ना, कान आणि अंग दोन्ही ताणलेलं, अगदी तसं.

पहिल्या दिवशी एक पाय जमिनीवर ठेवून उभं राहिलं तरी चालतं. कोच किंवा आईबाप मागून सीट धरतात. घाई करू नका. आमच्या धाकट्याने तीन आठवडे गेटवर जायला नकार दिला, टेकडीच्या खालून सुटायचा. चौथ्या आठवड्यात आपणहून वर गेला. आम्ही काही बोललो नाही तेच बरं झालं.

उडीचं एक लक्षात ठेवा. टेबलटॉप नावाच्या उंचवट्याचा मधला भाग भरलेला असतो, उडी कमी पडली तरी सपाटीवर उतरतो. डबलमध्ये दोन उंचवट्यांच्या मध्ये खड्डा असतो, कमी पडलात तर पुढचं चाक समोरच्या चढावर आदळतं. म्हणून आधी टेबलटॉप, आणि डबल वर्षभर नुसता फिरून पार करा.

चक्रधर_कोथरूड

गोदाकाठताई, इथे थोडा मतभेद. वर्षभर थांबायची गरज नाही, मूल बघून ठरवावं. माझा पुतण्या मेलबर्नला आहे, चार महिन्यांत छोटे डबल उडायला लागला, कोचच्या देखरेखीखाली. फार धरून ठेवलं तर मूल कंटाळतं आणि कोच नसताना गुपचूप मारून बघतं. ते जास्त वाईट.

गोदाकाठ

मुद्दा बरोबर आहे. वर्षाचा आकडा मागे घेते. कोच म्हणेल तेव्हा, असं वाचा.

सिडनीसाइड

पॅरिसमध्ये जिंकलेली साया साकाकिबारा इथली आमची. तिचा भाऊ काई तिच्याआधी मोठा रेसर, फेब्रुवारी २०२० मध्ये इथेच बॅथर्स्टला पडला, डोक्याला भयंकर मार, कितीतरी आठवडे कोमात. ती त्यानंतर टोकियोत उतरली आणि सेमीफायनलला पडली. पुढे पॅरिसला गोल्ड, आणि भाऊ स्टँडमध्ये बसून बघत होता. हे लिहिताना पण घसा दाटतोय.

उमाकाकूंना सांगावंसं वाटतं की त्या घराला धोका काय असतो ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

उमाकाकू

वाचलं. काही बोलत नाही. त्या दोघा भावंडांना माझे आशीर्वाद.

शार्लटकर

मंडळी, रिपोर्ट देतो! शनिवारी जाऊन आलो.

तिथे पोचल्यावर एका ताईंनी फॉर्म भरून घेतला, उसनी सायकल दिली, मिनी साइजची, आणि तीन हेल्मेटं घालून बघायला लावली. डॉक्टरांचं गाल दाबण्याचं आठवलं, तिसरं बरोबर बसलं. लेकीला वाटलं होतं थेट उडायचं. कोचने अर्धा तास फक्त रोलरवर फिरवलं, पायडल बंद. ती वैतागली. मग मी तिला झोक्याचं सांगितलं. गेल्या वर्षी गावी आजोळी चिंचेला बांधलेल्या झोक्यावर ती दुपारभर असायची. ती म्हणाली "म्हणजे खाली येताना दाबायचं?" आणि गेली. तिसऱ्या रोलरला तिचं चाक दाबलं गेलेलं मला लांबून दिसलं, सायकल पुढे सरकन गेली आणि ती हेल्मेटच्या आतून ओरडली. आप्पा, तुमच्यासाठी पेढे.

डांबरी वळण, बर्म म्हणतात ते, त्याला मात्र घाबरली. उभी भिंतच वाटते जवळून. खालच्या कडेने हळू गेली तर घसरली, कोपराला खरचटलं. कोच म्हणाला हळू गेलीस म्हणून घसरलीस, आणि वळणाच्या शेवटाकडे बघ, चाकाकडे नको. मग जमलं.

शेवटी गेट. कोचने मागचं चाक धरलं होतं. मी खाली उभा होतो, माझेच हात घामाने ओले. तो आवाज आला, मग शांतता, मग बीप, गेट खाडकन आपटलं आणि ती दचकून तिथेच उभी राहिली! सगळे गेले, ही वरच. मला वाटलं आता रडणार. तिने मान वळवून कोचला काहीतरी विचारलं, त्याने मान डोलावली आणि ती एकटीच उतरली, पूर्ण ट्रॅक फिरून आली. नंतर विचारलं काय म्हणालीस, तर म्हणे "आता जाऊ का असं विचारलं."

बायको पण आली होती. परत येताना गाडीत तीच म्हणाली हेल्मेट नवीनच घेऊया.

हाडवैद्य

पोस्ट दवाखान्यात वाचली, पुढचा पेशंट दोन मिनिटं थांबला. उत्तम चाललंय.

आइंडहोव्हनचा_आप्पा

पेढे पोचले. पण शार्लटकर, मूळ पोस्टमध्ये तुमचंही होतं की. तुम्ही चालवली का?

शार्लटकर

नाही ना, माझ्या मापाची उसनी सायकल नव्हती. आणि खरं तर लेकीला बघण्यातच वेळ गेला.

गोदाकाठ

मोठ्यांसाठी २४ इंची चाकाची क्रूझर असते, तिच्यात ४१ ते ४५ असा वेगळा गट आहे. चाक मोठं म्हणून स्थिर वाटते, कंबरेला बरी. माझा नवरा ४६ चा, गेल्या वर्षी सुरू केलं. गिअर पायाला जड वाटला तर पुढच्या चक्राचे एक-दोन दाते कमी करा. बूट अडकवायचे क्लिपचे पायडल लगेच नकोत, साधे सपाट घ्या म्हणजे पाय पटकन काढता येतो. आणि नडगीला गार्ड लावा, सपाट पायडलचे खिळे नडगी सोलतात. त्याच्या नडगीवर अजून ठिपके आहेत.

रंकाळा

इकडं चार रोलर झाले. पहिला पाऊस लागला, तीन टिकले. पोरगं आणि त्याचे मित्र चौथा परत धुमसायला लागलेत, शाळेतून आले की थेट मळ्यात.

मुरूममामा

चौथ्याच्या बाजूने चर काढ, पाणी तिथे साठत असणार.

शार्लटकर

दोन आठवड्यांनी लिहितोय. काल पहिली रेस झाली. तिच्या गटात सहा मुली, तीन मोटो, म्हणजे फेऱ्या. पहिल्या मोटोत सहावी, दुसऱ्यात सहावी, तिसऱ्यात पाचवी. त्या पाचवीचा आनंद एवढा की रात्री एकपर्यंत जागी होती. गेट पडल्यावर आता थांबत नाही. जिच्या पुढे गेली त्या मुलीने रेषेनंतर येऊन टाळी दिली आणि दोघी मिळून आइसक्रीम खायला पळाल्या.

मी जुनी क्रूझर बघितलीये, मंगळवारी प्रॅक्टिसला नेणार. एकच प्रश्न, लेकीची नंबर प्लेट काल शेवटच्या फेरीत निसटून लोंबकळत होती. झिपटाय किती लावायच्या?

गोदाकाठ

चार. आणि दोन-तीन खिशात ठेवा, गेटवर कुणालातरी लागतातच.